पाणी बदललं तरी अमोनिया परत येतोय? खाऱ्या टाकीतला उगम असा शोधा

खाऱ्या पाण्याच्या टाकीत अपघात झाला की पुढचा क्रम बहुतेकांचा सारखाच असतो. मासा मेला, खाद्याचा डबा सांडला, रात्रभर वीज गेली किंवा हीटर चालूच राहिला; दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ आणि अमोनियाची चाचणी गडद हिरवी. घाईघाईनं अर्धं पाणी बदललं जातं. पाणी निवळतं, माशांची धाप कमी होते, घरातल्या सगळ्यांना हायसं वाटतं. दोन-तीन दिवसांनी पुन्हा तोच दुधाळपणा आणि तोच हिरवा रंग. पुन्हा पाणी बदल, आणखी एखाद्या औषधाची बाटली, पुन्हा तेच. अपघातातून वाचलेले मासे बऱ्याचदा या ओढाताणीत जातात, आणि ते टाळता येण्यासारखं असतं.

पाणी बदलल्यावर अमोनिया किती वेगानं आणि कशानंतर परत येतो, हे मोजल्याशिवाय पुढचं काहीही करू नका. उगम कुठे आहे ते त्या मोजणीतूनच कळतं. पण त्याआधी मासे जिवंत राहिले पाहिजेत.

पहिले काही तास: आधी हवा, मग बाकी सगळं

दुधाळ पाणी बहुतेक वेळा सडक्या पदार्थांवर पोसलेल्या जिवाणूंचं असतं आणि हे जिवाणू ऑक्सिजन झपाट्यानं संपवतात. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. 25 अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅम, तर समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात जेमतेम 6.7. म्हणून अमोनियाचा आकडा बघण्याआधीच एअरस्टोन सोडा, पॉवरहेडचं (पाणी फिरवणाऱ्या पंपाचं) तोंड पृष्ठभागाकडे वळवा आणि पाण्यावर चांगली खळबळ होऊ द्या. टाकीवर काचेचं झाकण असेल तर ते बाजूला काढून जाळी टाका. सर्वांत धोक्याची वेळ पहाटेची असते. रात्रभर शेवाळ आणि कोरल ऑक्सिजन वापरतच असतात, तयार काहीच करत नाहीत. संध्याकाळी ठीक दिसणारे मासे पहाटे पृष्ठभागाशी तोंड उघडत असतील तर कारण बहुधा हेच.

मग दिसेल तेवढं सडकं बाहेर काढा: मेलेला मासा, सांडलेलं खाद्य, रिकामे वाटणारे पण वास येणारे शंख. ताजं अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन प्रवाहात ठेवा. त्यानं अमोनिया जात नाही, पण मरणाऱ्या अ‍ॅनिमोननं किंवा समुद्रकाकडीनं सोडलेली विषारी द्रव्यं बरीच शोषली जातात. खाद्य पूर्ण बंद. तंदुरुस्त मोठे मासे दोन-तीन दिवस उपाशी राहिल्यानं मरत नाहीत.

यानंतर पाणी बदल. टक्केवारी मोठी असली तरी चालेल, पण नव्या पाण्याचं तापमान आणि क्षारता (खारटपणा) टाकीशी जुळायलाच हवी. मीठ नुकतंच कालवलेलं, अजून गढूळ असलेलं पाणी घाईत ओतू नका. ते पंपानं फिरवून, हवा देऊन, पूर्ण स्वच्छ झालेलं असावं. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो आणि त्यातलं विषारी रूप पीएचबरोबर वाढतं. 25 अंशांना पीएच 7.8 असेल तर एकूण अमोनियातला सुमारे 3 टक्के भाग विषारी रूपात असतो; पीएच 8.2 झाला की तो 6 ते 8 टक्क्यांवर जातो. अपघातानंतर पाण्यात कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरलेला असतो. जास्त अल्कलिनिटीचं (आम्ल झेलून पीएच टिकवण्याची पाण्याची क्षमता वाढवणारं) मीठ वापरून केलेल्या मोठ्या बदलानं तो एकदम वर गेला, तर चाचणीचा आकडा कमी दिसत असतानाही मासे बेचैन होतात. म्हणून अमोनिया जास्त असेल तेव्हा 50 टक्क्यांच्या एका बदलापेक्षा काही तासांच्या अंतरानं 30 टक्क्यांचे दोन बदल मला जास्त सुरक्षित वाटतात. गणित जवळपास तेच येतं: दोन वेळा 30 टक्के बदललं की जुनं पाणी 49 टक्के उरतं. उलट 10 टक्क्यांचे चार बदल केले तरी 65 टक्क्यांहून जास्त जुनं पाणी टाकीतच राहतं. आणीबाणीत असल्या छोट्या बदलांनी काही साधत नाही.

गोड्या पाण्याच्या टाकीचा अनुभव असलेले बरेच जण इथे झिओलाइट (अमोनिया शोषणारं खनिज) आणतात. खाऱ्या पाण्यात ते जवळजवळ निकामी ठरतं, कारण पाण्यातलं सोडियम अमोनियमची जागा अडवतं. अमोनिया बांधून ठेवणारी कंडिशनरं रात्र काढायला वापरायची तर वापरा, मात्र बाटलीवरच्या मात्रेपेक्षा जास्त नको. त्यांतली काही पाण्यातला ऑक्सिजनही ओढतात. शिवाय ती घातल्यावर अनेक किटांचे आकडे भरवशाचे राहत नाहीत, म्हणजे ज्या मोजणीवर आपली सगळी भिस्त आहे तीच बिघडते. माझ्या मते मासे खरोखर तडफडत नसतील तर ही बाटली बंदच ठेवावी.

मोजणी

पाणी बदलण्याआधी एकदा मोजा. बदलल्यावर तासाभरानं मोजा. मग 12 तासांनी, मग 24 तासांनी. या काळात खाद्य नाही, नवी बाटली नाही, फिल्टरला हात नाही. किट एकच, उजेड तोच, बाटली हलवण्याची पद्धत तीच. रंग दिव्याखाली बघू नका, दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदासमोर बघा. हिरवा रंग येणारी किटं खाऱ्या पाण्यात कित्येकदा लिटरमागे 0.25 मिलिग्रॅमच्या आसपास उगाच दाखवतात. म्हणून शेजारी एक नळी नव्यानं कालवलेल्या खाऱ्या पाण्याचीही ठेवा आणि दोन्ही रंगांची तुलना करा. किटाची मुदत संपली असेल तर ही सगळी मेहनत वाया जाईल, तेव्हा तारीख आधी वाचा.

आता चार शक्यता.

पहिली: तासाभरानंतरचा आकडा गणिताइतका उतरलाच नाही. 1.6 होता, 40 टक्के पाणी बदललं, म्हणजे 1.0 च्या जवळपास यायला हवा. तो 1.4 वर असेल तर नवं पाणीच तपासा. पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं जंतुनाशक संयुग) वापरलं जात असेल तर गाळणीतलं कार्बन ते फोडतं आणि त्यातून अमोनिया सुटतो. आरओचा पडदा तो पूर्ण अडवत नाही. त्याला पकडतं ते पुढचं डीआय रेझिन (उरलेले आयन काढणारे दाणे). रेझिन संपलेलं असेल तर प्रत्येक पाणी बदलात, आणि बाष्पीभवन भरून काढताना रोज थोडा थोडा, अमोनिया तुम्हीच टाकीत घालत असता. गाळून आलेल्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) 0 असायला हवा. 3-4 दिसत असेल तरी रेझिन बदला.

दुसरी: खाद्य बंद असूनही आकडा संथपणे, न थांबता वर चढतोय. कुठेतरी काहीतरी सडतंय. नेहमीचा प्रकार हाच, म्हणून यावर खाली सविस्तर लिहिलंय.

तिसरी: 24 तास आकडा स्थिर राहिला, पण खाद्य सुरू करताच चढला आणि उतरेना. सडकं काही उरलेलं नाही. अमोनिया खाणारे जिवाणू कमी पडताहेत.

चौथी: आकडा शांत असतो आणि मधेच एकदम उसळतो. कधी उसळला याची नोंद ठेवा. वीज परत आल्यावर? कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डब्यातला फिल्टर) काही तास बंद पडला की आतलं पाणी ऑक्सिजनविना कोंडतं, आतले जिवाणू मरायला लागतात, आणि पंप सुरू होताच ते सगळं टाकीत येतं. बराच वेळ वीज गेली असेल तर कॅनिस्टर उघडून आतलं पाणी ओतून द्या, माध्यमं (आतले स्पंज, रिंगा) टाकीच्या पाण्यात विसळा आणि मगच जोडा. वाळू ढवळल्यावर उसळला आणि सडक्या अंड्यासारखा वास आला, तर खोल थरातला हायड्रोजन सल्फाइड सुटलाय. मासे हवा दिलेल्या वेगळ्या खाऱ्या पाण्यात हलवा, टाकीत भरपूर हवा सोडा, कार्बन बदला. उरलेली वाळू त्या दिवशी मुळीच ढवळू नका. नंतर दर पाणी बदलाला एक छोटा पट्टा साफ करत पुढे जा.

सडकं शोधणं

एवढ्याशा गोष्टीनं इतकं काय बिघडणार, असं वाटतं म्हणून शोध अर्धवट सोडला जातो. हिशेब करून बघा. 10 ग्रॅम वजनाच्या माशात साधारण 1.8 ग्रॅम प्रथिनं असतात. प्रथिनांच्या वजनात सुमारे 16 टक्के नायट्रोजन, म्हणजे जवळपास 0.29 ग्रॅम. तो सगळा अमोनिया झाला तर 350 मिलिग्रॅम, आणि 200 लिटरच्या टाकीत लिटरमागे सुमारे 1.7. एका बोटभर माशानं! कोरड्या खाद्याचं तर याहून वाईट: निम्मी प्रथिनं असलेलं 1 ग्रॅम खाद्य 100 लिटर पाण्यात पूर्ण सडलं तर लिटरमागे जवळपास 1 मिलिग्रॅम. सांडलेल्या खाद्यातलं दोन चमचे दगडांखाली गेलं असेल तर तुम्ही आठवडाभर पाणी बदलत राहाल.

बघायच्या जागा: ओव्हरफ्लोचा कप्पा (वरचं पाणी फिल्टरकडे उतरतं तो; लहान मासे तिथे पडतात आणि वरून दिसत नाहीत), पंपांच्या जाळ्या, संपच्या (टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीच्या) तळाचा गाळ, फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी), दगडांच्या मागचा कोपरा. रात्री टॉर्च घेऊन बघा. किडे आणि हर्मिट खेकडे एका ठिकाणी गोळा झाले असतील तर तिथेच काहीतरी आहे. गोगलगाय उलटी पडली असेल तर हातात घेऊन वास घ्या. मेलेलीचा वास शंका ठेवत नाही.

दिसण्यासारखं काही सापडलं नाही तर संशय लाइव्ह रॉकवर (जिवाणू आणि बारीक जीव वसलेल्या सच्छिद्र दगडांवर). अपघाताच्या वेळी दगड बाहेर काढून ठेवले होते का, पातळी खाली गेल्यानं वरचे दगड कोरडे पडले होते का, टाकी फार तापली होती का? दगडांच्या पोकळीत राहणारे स्पंज आणि किडे मरतात आणि आतल्या आत कुजत राहतात. बाहेरून दगड नेहमीसारखाच दिसतो. त्यासाठी बादलीची परीक्षा करा. संशयित दगड एका बादलीत, ताज्या खाऱ्या पाण्यात, छोटा पंप आणि हीटर लावून रात्रभर ठेवा. सकाळी बादलीतल्या पाण्याचा अमोनिया मोजा. निरोगी दगडाच्या बादलीत तो शून्याजवळ असतो, कुजणाऱ्या दगडाच्या बादलीत ठळक दिसतो. दगड जास्त असतील तर दोन-तीन बादल्यांत वाटून टाका. उगम सापडेपर्यंत वेळ लागेल, पण एकदा सापडला की तो दगड बादलीतच ठेवून तिथलं पाणी बदलत राहायचं. टाकी त्याच दिवसापासून सावरायला लागते. दगड ब्रशनं घासून नळाच्या पाण्याखाली धुण्याचा मोह होईल. तो आवरा, नाहीतर उरलेलं जिवंत आवरणही जाईल.

जिवाणू कमी पडत असतील तर

तिसऱ्या प्रकारात दोष बऱ्याचदा अपघातानंतरच्या सफाईचा असतो. पाणी गढूळ दिसलं म्हणून स्पंज, सिरॅमिक रिंग, वाळू सगळं एकाच दिवशी नळाखाली धुतलं गेलेलं असतं. क्लोरीननं आणि चोळण्यानं टाकीचा आधारच जातो. प्रतिजैविक औषध मुख्य टाकीत घातलं असेल, हीटर अडकून पाणी फार तापलं असेल, तरीही परिणाम तोच. अमोनिया पचवणारे जिवाणू सावकाश वाढतात. दुधाळपणा आणणारे जिवाणू तासाभरात दुप्पट होऊ शकतात, तर यांना त्यासाठी बहुधा एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. हा वेळ कुठलीच बाटली पूर्ण वाचवत नाही. जिवाणूंची बाटली घालायचीच असेल तर त्या काळात यूव्ही दिवा बंद ठेवा आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) काही तास थांबवा, पण हवा चालूच राहू द्या.

त्यांना हवा लागते तशी अल्कलिनिटीही लागते, आणि पुनःपुन्हा अडकणाऱ्या टाक्यांमध्ये हा मुद्दा मला सर्वांत दुर्लक्षित वाटतो. 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सुमारे 7.1 मिलिग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते. 1 डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) म्हणजे लिटरमागे 17.9 मिलिग्रॅम, तेव्हा लिटरमागे 2.5 मिलिग्रॅम नायट्रोजन पचला की 1 डीकेएच गेलाच. समुद्राच्या पाण्यात ती 7 डीकेएचच्या आसपास असते. तुमची त्याखाली गेली असेल तर खायचा सोडा वापरा: 100 लिटरला 3 ग्रॅम घातला की 1 डीकेएच वाढते. दिवसाला एवढंच पुरे. सोडा भाजून किंवा धुण्याचा सोडा घालून काम करू नका. त्यानं पीएच लगेच उसळतो, आणि अमोनिया शिल्लक असताना तेच नको आहे. न भाजलेल्या सोड्यानं पीएच उसळत नाही.

यानंतर नायट्राइट दिसू लागेल. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे माशांच्या कल्ल्यांतून नायट्राइट फारसं आत शिरत नाही, त्यामुळे गोड्या पाण्याइतकं घाबरून पाणी बदलत बसू नका. या दिवसांत नायट्रेटचा आकडा भयंकर दिसतो, तोही खरा धरू नका. ते किट नायट्रेटचं रूपांतर नायट्राइटमध्ये करूनच मोजतं, म्हणून पाण्यात आधीच असलेलं नायट्राइट आकडा फुगवतं. नायट्राइट शून्यावर आलं की मगच नायट्रेट मोजा.

गढूळ आहे, पण अमोनिया नाही

काचेच्या स्वच्छ ग्लासात पाणी घेऊन ठेवा. मिनिटा-दोन मिनिटांत निवळलं तर ते सूक्ष्म बुडबुडे होते. पंप हवा ओढतोय. तासाभरात तळाशी गाळ बसला तर वाळूची धूळ. तसंच राहिलं तर त्यात थोडं व्हिनेगर घाला. लगेच स्वच्छ झालं तर तो कॅल्शियम कार्बोनेट आहे, म्हणजे कॅल्शियम किंवा बफरची मात्रा जास्त पडली. सगळे डोस थांबवा, अल्कलिनिटी आणि मॅग्नेशियम मोजा, एक-दोन दिवसांत बसेल. व्हिनेगरनंही फरक पडला नाही तर जिवाणूच. हवा, कार्बन, असल्यास यूव्ही.

क्षारता आपोआप उतरत असेल तर

काही टाक्यांत गोगलगायी आणि कोळंबी अधूनमधून मरत राहतात, त्यांच्या सडण्यानं अमोनिया येतो, आणि सगळं लक्ष अमोनियाकडेच जातं. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग मीठ) द्रावणानं जुळवून घेऊन क्षारता बघा. स्किमरचा कप रात्री भरून बाहेर वाहत असेल तर संपमधलं खारं पाणी कमी होतं. पातळी उतरली म्हणून ऑटो टॉप-ऑफ तिथे गोडं पाणी भरतो. हे रोज थोडं थोडं चाललं तर महिन्याभरात विशिष्ट गुरुत्व 1.026 चं 1.022 होतं आणि डोळ्यांना काहीच कळत नाही. कंडिशनर, मिथिलीन ब्ल्यूसारखी औषधं किंवा साबणाचा अंश पाण्यात गेला की स्किमर असाच उतू जातो, तेव्हा त्याचा कप काही दिवस वर उचलून ठेवा किंवा बाहेर जाणारी नळी बादलीत सोडून रोज बादली मोजा.

क्षारता उतरली तरी मासे बऱ्यापैकी सोसतात, एकदम चढलेली मात्र कुणालाच सोसत नाही. म्हणून मीठ थेट टाकीत कधीही टाकू नका. बाष्पीभवनाच्या जागी गोड्याऐवजी 35 पीपीटीचं खारं पाणी भरायचं. समजा 200 लिटरच्या टाकीत 20 लिटर गोडं पाणी जास्तीचं गेलं. क्षारता 35 वरून सुमारे 31.8 होईल. जादा पाणी काढून टाकल्यावर रोज 3 लिटर उडत असेल, तर त्या जागी खारं पाणी भरल्यानं दिवसाला सुमारे 0.5 पीपीटी वाढ होते. सहा-सात दिवसांत टाकी पूर्ववत.

अमोनिया शून्य, क्षारता बरोबर, तरीही फक्त बिनकण्याचेच प्राणी मरत असतील तर तांबं तपासा. मुख्य टाकीत कधीकाळी तांब्याचं औषध दिलं असेल तर ते दगडांत आणि वाळूत मुरलेलं असतं आणि पुढे हळूहळू सुटत राहतं. काच साफ करायचं चुंबक आणि पंपांचे चुंबक फुगून तडकलेत का, गंज दिसतोय का, तेही बघा. असा चुंबक सापडला की तो काढून धातू शोषणारं रेझिन लावा. तांबं मुरलेले दगड मात्र पुन्हा कोरल किंवा कोळंबीच्या टाकीत नकोत.

पुन्हा खाद्य, पुन्हा मासे

खाद्य सुरू करताना नेहमीच्या चौथ्या हिश्शापासून. संध्याकाळी द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी अमोनिया मोजा. शून्य असेल तर दोन दिवसांनी मात्रा थोडी वाढवा; 0.25 जरी दिसला तरी आहे तिथेच थांबा. पूर्ण मात्रेवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग दोन आठवडे शून्य राहिले की मग नव्या प्राण्याचा विचार करा, तोही एका वेळी एकच आणि लहान. कोरल आणि अ‍ॅनिमोन त्याच्याही नंतर. या दोन आठवड्यांत फिल्टर सॉक बदलत राहा, पण सिरॅमिक रिंगना हात लावू नका. वाळूही तशीच राहू द्या.